शाळांचे इतिहास आणि शाळांचीं दप्तरें : हिप्परगा व भूम यांच्या निमित्तानें एक परीक्षण

(१)

मराठवाड्यांतील पुष्कळशा शाळांचे सुवर्णमहोत्सव होऊन गेले आणि कित्येकांचे अमृतमहोत्सवहि झाले. उत्सव झाला कीं एक स्मरणिका निघते. तींत शाळेचा इतिहास म्हणून आठदहा पानें असतात. आणि पुढें कोणीं त्या शाळेविषयीं कांहीं लिहावयास घेतलें तर हींच आठदहा पानें प्रमाण मानून तो पुढें जातो. या पानांची छाननी करण्याचें काम कोणी अंगावर घेत नाहीं. पेशवाईंतील एखादी फाटकी हिशेबी याद हातीं आली तर ती रुमालांत बांधून जपणारा संग्राहक शाळेची पन्नास वर्षांमागील स्मरणिका रद्दींत घालतो, आणि त्यांत आपण कांहीं अनुचित केलें असें त्यास वाटत नाहीं. या निबंधांत दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. शाळेचा इतिहास म्हणून आपणांपुढें जें येतें तें बहुधा दुसऱ्याच कशाचा तरी इतिहास असतें, ही पहिली. आणि ज्या कागदांवरून खरा इतिहास लिहितां येईल ते कागद आपल्या डोळ्यांदेखत नाहींसे होत असून त्याचा दोष कांहीं अंशीं आपणां संशोधक-संग्राहकांकडेच येतो, ही दुसरी.

उदाहरणासाठीं धाराशिव जिल्हा घेतला आहे. २०२३ पर्यंत याचें सरकारी नांव उस्मानाबाद होतें. त्यांतील दोन गांवें येथें मुख्यत्वें विचारांत घ्यावयाचीं : लोहारा तालुक्यांतील हिप्परगा आणि बालाघाटाच्या रांगेवरील भूम. पहिल्यावर थोडेंबहुत लेखन झालें आहे. दुसऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवांकडे या दृष्टीनें पाहण्याची रीतच पडलेली नाहीं. भूमच्या एका अंगास परांड्याचा किल्ला आहे, दुसऱ्या अंगास १७९५ च्या लढाईचें खर्डें आहे. या दोन्ही ठिकाणांविषयीं आपल्या त्रैमासिकांच्या वाचकांस कमी माहिती आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्याच प्रदेशांतील मुलगा १९३० सालीं लिहावयास कोठें शिके, कोणत्या भाषेंत शिके, आणि पुढें शिकावयाचें झाल्यास कोणत्या वाटेनें जाई, हें विचारलें तर बहुतेक जाणते वाचक गप्प राहतील.

(२)

हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा १९२१ सालीं व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनीं काढली. हें वर्ष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच वर्षीं पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें. आणि त्याच्या तीन वर्षें आधीं, १९१८ सालीं, हैदराबादेस उर्दू माध्यमाचें उस्मानिया विद्यापीठ सुरू झालें होतें. म्हणजे एका लहान खेड्यांतील ही शाळा दोन विद्यापीठांच्या मध्यें उभी राहिली : शिक्षणाची सरकारी वाट एकीकडे जात होती, आणि शाळेची दृष्टि दुसरीकडे होती. संस्थानांत माध्यमिक व त्यावरील शिक्षण मुख्यत्वें उर्दूंतून चाले. त्या स्थितींत मराठी मुलास मातृभाषेंतून शिकवूं पाहणें हें केवळ भाषाप्रेमाचें काम नव्हतें. सरकारी नोकरीच्या वाटेवरून मुलास बाजूस काढण्यासारखें तें होतें. पुढें १९२४ च्या सुमारास खासगी शाळांवर सरकारी परवानगीची अट आली, तेव्हां तर असें काम अधिकच जोखमीचें झालें.

१९२९ सालीं या शाळेंत व्यंकटेश खेडगीकर हे मुख्याध्यापक म्हणून आले. टिळक विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें होतें. मजूर पुढारी ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून त्यांनीं काम केलें होतें. हिप्परग्याच्या मुक्कामांतच त्यांनीं संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे तेथील सहकारी. १९३५ सालीं स्वामीजी अंबाजोगाईस, म्हणजे त्या काळच्या मोमिनाबादेस, योगेश्वरी विद्यालयांत गेले. आणि १९३८ पासून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लढ्याचें नेतृत्व त्यांच्याकडे येत गेलें, हा पुढील वृत्तांत सर्वांस ठाऊक आहे.

आतां हा वृत्तांत आपणांस कोठून कळतो तें पाहूं. स्वामीजींचीं इंग्रजी आत्मकथनपर स्मरणें, ‘मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल’, १९६७ सालीं प्रसिद्ध झालीं. अनंत भालेराव यांचा ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ १९८७ सालचा. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. पहिला लढ्याच्या नायकाचा, दुसरा लढ्यांत वाढलेल्या आणि पुढें वृत्तपत्राचें संपादन केलेल्या लेखकाचा. परंतु दोहोंच्या नांवांतच त्यांचा विषय सांगितलेला आहे, आणि तो विषय शाळा नव्हे. लढ्याच्या इतिहासांत हिप्परग्याची शाळा येते ती वाड्याच्या ओसरीसारखी : पाहुणा ओसरीवर क्षणभर टेकतो, पायांवर पाणी घेतो, आणि आंत जातो. वर्णन पुढें माजघराचें व्हावयाचें असतें. यांत ग्रंथकारांचा दोष नाहीं. दोष आहे तो त्यांच्यावरून शाळेचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यांचा. शाळेंत किती मुलें होतीं, कोणत्या गांवांहून येत, शेतकऱ्याचा मुलगा सुगीच्या दिवसांत येई कीं न येई, अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलें एका पंगतीस बसत कीं नाहीं, शिक्षकांस काय मिळे व तें महिन्याच्या महिन्यास मिळे काय, १९३५ नंतर शाळेचें काय झालें, या प्रश्नांचीं उत्तरें लढ्याच्या इतिहासांत शोधणें हेंच मुळांत चुकीचें आहे. तीं शाळेच्या कागदांतच शोधलीं पाहिजेत.

ओसरीच्या या न्यायाचा आणखी एक परिणाम होतो. ज्या शाळेंतून पुढारी निघाले ती शाळा इतिहासांत राहते. ज्या शाळेंतून केवळ तलाठी, कारकून, ग्रामसेवक, शिक्षक आणि शहाणे शेतकरी निघाले ती राहत नाहीं. परंतु १९४१ च्या शिरगणतींत ज्या संस्थानांत साक्षरांचें प्रमाण शेंकडा दहाच्या आंतच होतें, तेथें चिठ्ठी वाचूं शकणारा शेतकरी निर्माण होणें ही देखील इतिहासांतील घडामोडच आहे. पुढाऱ्यांच्या संख्येवरून शाळेचें मोल ठरवावयाचें तर भूमसारख्या गांवच्या शाळेनें आपला इतिहास लिहूंच नये असें होईल.

(३)

लढ्याच्या इतिहासाखेरीज शाळांची नोंद दोन प्रकारच्या पुस्तकांत आढळते. एक गॅझेटिअर आणि दुसरें स्मरणिका.

महाराष्ट्र शासनाचें उस्मानाबाद जिल्हा गॅझेटिअर १९७२ सालीं प्रसिद्ध झालें. गॅझेटिअरच्या रचनेंत शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण असतें आणि त्यांत संख्या असतात. संख्या आवश्यकच, आमचें म्हणणें एवढेंच कीं संख्येंत शाळा दिसते ती आकाशांतून गांव दिसावें तशी. घरें मोजतां येतात; दार कोणतें उघडें आणि कोणतें बंद तें कळत नाहीं. जिल्ह्यांत अमुक हायस्कुलें होतीं या वाक्यांतून, तीं कोणीं मागितलीं, कोणीं जागा दिली, कोणाच्या विरोधावर मात करून तीं निघालीं, यांतील कांहींच बाहेर येत नाहीं.

स्मरणिकेचा दोष याच्या उलट आहे. तींत माणसें असतात, परंतु सर्व माणसें चांगलीं असतात. संस्थापक दूरदृष्टीचे, मुख्याध्यापक शिस्तीचे, शिक्षक सेवाभावी, ग्रामस्थ उदार. शाळेंत कधीं भांडण झालें नाहीं, कधीं दोन पक्ष पडले नाहींत, कधीं अनुदान थांबलें नाहीं, कधीं एखादी मुलगी मध्येंच घरीं बसविली गेली नाहीं. अशा लेखनास बखरीचा दोष लावण्याची आपल्यांत चाल आहे. तो अन्याय बखरीवर होतो. बखरकारास निदान शत्रु असतो, आणि शत्रूच्या निमित्तानें कांहीं खरें बोललें जातें. स्मरणिकेला शत्रु नसल्यामुळें तिच्यांतून तेवढेंहि निसटत नाहीं. ती निरुपयोगी आहे असें मात्र नव्हे. जुन्या शिक्षकांचीं नांवें, वर्गाचें छायाचित्र, इमारतीच्या कोनशिलेची तारीख, वर्गणीदारांची यादी, हें तिच्यांत सांपडतें, आणि दुसरीकडे सांपडत नाहीं. यासाठीं ती ठेवावी. परंतु तिच्यांतील निबंधापेक्षां तिच्यांतील याद्या अधिक विश्वासार्ह समजाव्या.

शाळेचा इतिहास चांगला लिहितां येतो याचें एक जुनें उदाहरण पुण्यांतच आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारींत निघालें. त्यांतून डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. आणि सोसायटीचा १८८० ते १९३५ पर्यंतचा इतिहास प्रा. पु. म. लिमये यांनीं १९३५ सालीं इंग्रजींत लिहिला. संस्थेच्या पोटांतील मतभेद, टिळक व आगरकर यांच्यांतील वितुष्ट, वेतनाचा आणि आजीव सेवकत्वाचा वाद, हे विषय टाळून त्या संस्थेचा इतिहास लिहितांच आला नसता. ही गोष्ट शक्य झाली याचें कारण लेखकाचें धैर्य तर आहेच, पण त्याहून साधें कारण असें कीं संस्थेनें आपल्या सभांचीं टिपणें राखलीं होतीं. जेथें टिपणें आहेत तेथें स्तुतीला आळा बसतो. पुण्याच्या संस्थेस जें साधलें तें भूमच्या शाळेस साधणार नाहीं असें मानण्याचें कांहीं कारण नाहीं. मात्र दप्तर पाहिजे.

(४)

मग हें दप्तर म्हणजे काय ? प्रत्येक शाळेंत एक मोठी नोंदवही असते. तिला कोठें दाखल-खारीज, कोठें प्रवेश-निर्गम, कोठें नुसतें जनरल रजिस्टर म्हणतात. तींत अनुक्रमांक, मुलाचें पूर्ण नांव, धर्म व जात, जन्मस्थान, जन्मतारीख अंकीं व अक्षरीं, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, प्रगति, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचें कारण आणि शेरा असे रकाने असतात. याखेरीज हजेरीपट, फीची वही, जडजिनसांची नोंद, तपासणी अधिकाऱ्यांचें शेरेबुक आणि शिक्षकांचीं सेवापुस्तकें. एका पन्नास वर्षांच्या शाळेचें हें सर्व दप्तर एकत्र केलें तर तें मध्यम प्रतीच्या देशमुखी दप्तराएवढें सहज भरेल, आणि त्यांतील माणसांची संख्या त्याहून फार मोठी निघेल.

परंतु जुनें दप्तर जसें परीक्षणावांचून वापरतां येत नाहीं तसेंच हेंहि. मराठवाड्यांतील शाळांच्या कागदांत चार अडचणी येतात. त्या येथें क्रमानें सांगतों.

पहिली सनाची. निजामी अंमलांतील सरकारी कागदांवर फसली सन असे. आपल्या वाचकांस फसली सन नवा नाहीं. फसलींत ५९० मिळवावे कीं इसवी सन निघतो, हा ठोकताळा सर्वांच्या जिभेवर आहे. येथेंच घोटाळा होतो. आपल्या परिचयाचा फसली मृगापासून, म्हणजे जूनच्या आरंभीं बदलतो. हैदराबादचा सरकारी फसली मागाहूनच्या काळांत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत, आजूर महिन्यापासून बदले. त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नांवांचे. तेव्हां अमरदाद १३५० म्हणून नोंदलेला प्रवेश मृगसालाच्या हिशेबानें कोणी जून-जुलै १९४० चा मानील. वास्तविक तो जून-जुलै १९४१ चा असतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील प्रत्येक तारखेंत अशी एका वर्षाची चूक पडते, आणि पावसाळ्याच्या तोंडीं झालेले प्रवेश नेमके याच महिन्यांत येतात. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्यास शरण आलें. तो दिवस हैदराबादी गणनेनें १३५७ फसलीच्या शेवटच्या महिन्यांतला, आणि मृगाच्या गणनेनें १३५८ चा. इतक्या प्रसिद्ध तारखेवर कसोटी लावून पाहिल्यावांचून कोणींहि शाळेच्या नोंदीचा इसवी सन छापूं नये.

दुसरी लिपीची. १९४८ पूर्वींच्या सरकारी शाळांच्या नोंदी बहुतेक उर्दूंत सांपडावयाच्या. शाळांची प्रतवारीहि तहतानिया, वस्तानिया, फौकानिया अशा नांवांनीं होई. म्हणजे आपल्या प्राथमिक, माध्यमिक व उच्च शाळा. उर्दू लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत आणि ‘ळ’ तर नाहींच. कळंब हें गांव उर्दूंत गेलें कीं त्याचें ‘कलम’ होतें, आणि इंग्रजींत येतांना ‘कल्लम’. गांवाचें हें होतें तर आडनांवांचें काय होत असेल याची कल्पना करावी. घाईनें लिहिलेल्या शिकस्ता अक्षरांतून एका नांवाचीं दोनतीन वाचनें सहज निघतात. म्हणून वाचनाबरोबर मूळ अक्षराची छायाप्रत ठेवणें, आणि जेथें वाचन संदिग्ध आहे तेथें तसें स्पष्ट लिहिणें, हा फारसी कागदांच्या बाबतींत आपण पाळतों तो नियम येथेंहि पाळला पाहिजे.

तिसरी जन्मतारखेची. ज्यानें कोणतेंहि जुनें शालेय रजिस्टर चाळलें असेल त्याच्या लक्षांत आलें असेल कीं त्यांतील फार मोठ्या संख्येच्या मुलांचा जन्म एक जूनला झालेला असतो. मुलाची आई सांगे कीं पोर पोळ्याच्या पुढें झालें, किंवा मोठा पूर आला त्या साली झालें. गुरुजी मुलाच्या अंगलटीकडे पाहून वर्ष ठरवीत आणि शाळेच्या आरंभास सोयीचा दिवस लिहीत. म्हणून या रकान्यावरून वय काढणें धोक्याचें. परंतु एक जूनच्या नोंदी शेंकडा किती आणि त्या कोणत्या सालापासून कमी होऊं लागल्या, हें मोजलें तर गांवांत जन्मनोंदीची संवय केव्हां रुजली याचा अंदाज मिळेल. खोटी नोंददेखील खरा पुरावा देते. मात्र ती कशाचा पुरावा आहे हें ओळखतां आलें पाहिजे.

चौथी अडचण मालकीची. निजामाच्या तालीमात खात्याची शाळा १९४८ नंतर हैदराबाद राज्याची झाली, १९५६ सालीं मुंबई राज्याची, १९६० सालीं महाराष्ट्राची, आणि १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्यावर अशा पुष्कळ शाळा परिषदेच्या झाल्या. मराठवाड्यांत ‘जिल्हा परिषद प्रशाला’ हें नांव इतकें आढळतें त्याचें मूळ येथें आहे. चौदा वर्षांत चार धनी झालेल्या कागदाची जी अवस्था होते ती या कागदांची झाली. वरिष्ठ कचेरीचा पत्रव्यवहार हैदराबादेस राहिला आणि तेथील तार्नाक्याच्या पुराभिलेखागारांत निजामी खात्यांच्या दप्तरांबरोबर पाहावा लागतो. खालचें रजिस्टर मात्र गांवच्या शाळेच्या कपाटांत. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय एकाचाहि अर्थ पुरता लागत नाहीं. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपांत लोहारा-उमरगा भागांतील सास्तूरसारखीं गांवें पडलीं, तेव्हां भिंतींबरोबर पेट्या-कपाटेंहि मातीखालीं गेलीं.

(५)

या रजिस्टरांचा सर्वांत महत्त्वाचा रकाना आमच्या मतें शेवटून दुसरा आहे : शाळा सोडल्याचें कारण. स्मरणिका शाळेंत आलेल्यांविषयीं बोलते. हा रकाना शाळेंतून गेलेल्यांविषयीं बोलतो.

भूम हें संस्थानच्या सरहद्दीजवळचें गांव. दक्षिणेस बार्शी, म्हणजे त्या काळचा ब्रिटिश मुलूख. बार्शीस १९३४ सालीं मामासाहेब जगदाळे यांनीं श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ काढलें आणि खेड्यांतील मुलांच्या राहण्याजेवणाची सोय केली. मराठींतून शिकूं इच्छिणाऱ्या सरहद्दीवरील मुलास ही वाट जवळची होती. तेव्हां भूम-परांडा भागांतील शाळांचा इतिहास त्या गांवांच्या दप्तरांत जितका असेल तितकाच सरहद्दीपलीकडील रजिस्टरांच्या ‘पूर्वीची शाळा’ व ‘जन्मस्थान’ या रकान्यांतहि असणार. राज्याच्या सीमेवरून विद्येची सीमा आंखूं नये, हा बोध येथें मिळतो. तो आजपर्यंतच्या शालेय इतिहासांत कोठें दिसत नाहीं. कारण प्रत्येक स्मरणिका आपल्या कुंपणाच्या आंतच फिरते.

१९३८ च्या ‘वंदे मातरम्’ प्रकरणांत संस्थानांतील अनेक विद्यार्थी वसतिगृहांतून व विद्यालयांतून काढले गेले आणि नागपूर विद्यापीठानें त्यांस आश्रय दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकींच. पुढें १९४७-४८ सालीं सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचीं ठाणीं पडलीं, रझाकारांचा उपद्रव वाढला, आणि कित्येक कुटुंबें मुलांबाळांसह गांव सोडून ब्रिटिश मुलुखांत, आतां स्वतंत्र भारतांत, गेलीं. हा भाग स्मरणिकांत असतो, आणि असावाच.

परंतु सप्टेंबर १९४८ नंतरचाहि एक भाग आहे. त्या वर्षाच्या अखेरीस भारत सरकारच्या वतीनें पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांनीं संस्थानांत फिरून पाहणी केली. त्यांचा अहवाल पुष्कळ वर्षें अप्रसिद्ध राहिला. मुसलमान रहिवाशांवर ज्या जिल्ह्यांत सर्वाधिक आपत्ति आली असें त्यांस आढळलें ते चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड. ज्या जिल्ह्याच्या शाळांविषयीं आपण बोलतों आहों तो त्यांत पहिला आहे. तेव्हां १३५७ फसलीच्या वर्गांत बसलेल्या मुलांपैकीं १३५८ त किती राहिलीं, आणि जीं राहिलीं नाहींत त्यांच्या नांवापुढें गुरुजींनीं काय लिहिलें, हें रजिस्टरावांचून कोण सांगणार ? ‘गैरहजर’, ‘नांव कमी केलें’, ‘परगांवीं गेला’ असले दोनचार शब्द एवढाच त्या मुलांचा शालेय इतिहास असूं शकतो. रझाकारांच्या जाचानें गांव सोडलेल्या मुलाची नोंद आणि नंतरच्या दंग्यांत नाहींशा झालेल्या मुलाची नोंद एकाच वहींत, बहुधा एकाच अक्षरांत, थोड्या पानांच्या अंतरानें असावयाची. पहिली वाचून दुसरी न वाचणारा मनुष्य इतिहास वाचीत नाहीं, आपली बाजू वाचतो. स्मरणिकांचें मौन येथें सर्वांत गाढ आहे. त्यांचे लेखक दुष्ट होते म्हणून हें घडलें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. उत्सवाच्या दिवशीं अशी गोष्ट काढणें कोणासहि जड जातें. म्हणूनच शाळेचा इतिहास उत्सवाच्या दिवशीं लिहूं नये.

(६)

हीं रजिस्टरें अलीकडे एकदां मोठ्या प्रमाणावर उघडलीं गेलीं. २०२३ च्या सप्टेंबरांत महाराष्ट्र शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि मराठवाड्यांतील मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे पाहिले गेले. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांस शोधून आणावें लागलें. ज्या विद्येस आपण आजवर हौस समजत होतों तिची शासनास आणि समाजास गरज पडली; संशोधकांस ही गोष्ट समाधान देणारी आहे.

या शोधाच्या राजकीय बाजूविषयीं येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. साधनांच्या दृष्टीनें मात्र दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. रजिस्टर उघडलें गेलें तें एका रकान्यासाठीं. बाकीचे दहाबारा रकाने त्याच पानावर असून कोणीं वाचले नाहींत. दुसरें असें कीं ज्या कागदावर आज एखाद्या घराचा हक्क अवलंबून आहे तो कागद उद्यां तितकाच धोक्यांतहि आहे. कागदास किंमत आली कीं त्यांत खाडाखोड होते, पान निघून जातें, नवें अक्षर जुन्या शाईचें सोंग घेतें. वतनाच्या तंट्यांतील बनावट महजर ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें नव्यानें सांगावयास नको. म्हणून ज्यांचे फोटो घेतले गेले त्या वह्या पुरत्या सुरक्षित झाल्या असें मानूं नये. उलट संपूर्ण वहीची, कोऱ्या पानांसकट आणि पुठ्ठ्यासकट, प्रत होणें आतांच अवश्य झालें आहे. एका पानाची प्रत पुराव्यास चालते. इतिहासास सगळी वही लागते, कारण नोंदीची सत्यता तिच्या मागच्या व पुढच्या नोंदींवरून ठरते.

(७)

शेवटीं आपल्या मंडळींविषयीं. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हां खर्ड्याच्या लढाईस शंभरच वर्षें उलटलीं होतीं, आणि ज्या पत्रांस आज आपण अमोल मानतों तीं कित्येक घरांत वाण्याच्या पुड्यांस जात होतीं. त्यांच्या काळीं त्या पत्रांचें जेवढें वय होतें त्याच्या जवळपास आज हिप्परग्याच्या १९२१ च्या शाळेच्या कागदांचें वय आलें आहे. शंभर वर्षें ही कागदाच्या आयुष्यांतील अवघड अवस्था असते : घरच्या माणसास तो उपयोगाचा राहिलेला नसतो आणि संग्राहकास तो अजून जुना वाटत नाहीं. बहुतेक कागद याच अवस्थेंत मरतात.

जुन्या वाड्यांचे रुमाल आपण उघडतों तेव्हां सनदा, वतनपत्रें, कौलनामे वर काढतों आणि तळाशीं असलेल्या विसाव्या शतकांतील वह्या बाजूस सारतों. देशमुख-कुलकर्ण्यांच्या त्याच वह्यांत शाळेच्या वर्गणीच्या याद्या, मास्तरांस दिलेली ज्वारी, वर्गासाठीं दिलेल्या जागेचें भाडें, मुलास परगांवीं ठेवल्याचा खर्च, अशा नोंदी असावयाच्या. सनद जपली आणि वही फेंकली, तर घराचा मान राहिला आणि गांवाचा इतिहास गेला. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाहीं; तो निवडीचा दोष आहे, आणि निवड आपण करतों.

यावर उपाय अवघड नाहींत. ज्या ज्या संग्राहकाकडे धाराशिव, लातूर, बीड या भागांतील घराण्यांचीं दप्तरें आलीं असतील त्यांनीं त्यांतील १९०० नंतरच्या वह्या वेगळ्या न काढतां मूळ रुमालांतच ठेवाव्या आणि त्यांची नुसती यादी प्रथम प्रसिद्ध करावी. शाळांच्या चालकांनीं स्मरणिका काढावी, परंतु तींत गुणवर्णनाऐवजीं रजिस्टराच्या पहिल्या पंचवीस पानांचा गोषवारा द्यावा : मुलें किती, मुली किती, कोणत्या गांवांचीं, कोणत्या जातींचीं, किती दिवस टिकलीं आणि कां गेलीं. नांवें छापण्याची आवश्यकता नाहीं; जिवंत माणसांच्या घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणणें हें संशोधकाचें काम नव्हे. आणि उर्दू वाचणारे जे वृद्ध शिक्षक अजून हयात आहेत त्यांच्याजवळ बसून त्या नोंदींचें वाचन करून घ्यावें. रजिस्टर कांहीं वर्षें थांबूं शकेल; तें वाचणारा थांबणार नाहीं.

भूमच्या शाळेचा इतिहास असा लिहिला गेला तर त्यांत कदाचित् एकहि पुढारी निघणार नाहीं. परंतु एका सरहद्दीवरील गांवाची तीनचार पिढ्यांची लेकरें त्यांत आपापल्या अनुक्रमांकानें उभीं राहतील, आणि जीं मध्येंच निघून गेलीं त्यांची जागा निदान रिकामी दिसेल. ही रिकामी जागा आजच्या कोणत्याहि छापील इतिहासांत दिसत नाहीं.